चिनी लेखनसंच: वडी ठेवा, सहाण बदला

मुंबईत फोर्टातल्या चित्रसाहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइनही हल्ली रेशमी खोक्यातला एक चिनी लेखनसंच मिळतो. त्यात शाईची वडी, सहाण, तीन कुंचले, दहा कागद आणि गिरवायला एक छापील नमुना असतो. किंमत दीड-दोन हजार. खोक्यावर सुंग राजवटीचं (960–1279) नाव मिरवलंय, तर सुंगांच्याच मापानं तो जोखलेला बरा.

त्या काळचा सुलेखनकार मि फू (1051–1107) दगडांचा वेडा होता. सहाणांवर त्यानं स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि क्रम लावून दिला: शाई कशी उतरते ते आधी, रंग नंतर, घडणावळ शेवटी. या संचातली सहाण बरोब्बर उलट्या क्रमानं केलीय. काठावरचा ड्रॅगन झकास आहे, पण वडी नुसती घसरते आणि दहा मिनिटं उगाळूनही पाणी राखाडीच राहतं. तोंड गुळगुळीत करून वर मेण चढवल्याचा हा परिणाम. 600 नंबरचा वॉटर पेपर (घासायचा बारीक खरखरीत कागद) ओला करून पाचेक मिनिटं गोल फिरवला की थोडा खरखरीतपणा येतो. मात्र काठाला साच्याची शिवण दिसली तर तो दगडच नाही, राळेचं ओतकाम आहे. त्यावर मेहनत करू नये. चार इंची, बिनकोरीव, खऱ्या दगडाची सहाण वेगळी घ्यावी.

वडी मात्र उत्तम. काजळी आणि सरस, वर थोडा कापरासारखा वास. (सू शी हा सुंगांचा थोर कवी हाइनान बेटावर हद्दपार असताना शाई करायला गेला आणि काजळी धरता धरता आग लागली, अशी नोंद आहे.) सहाणेवर अर्धा चमचा पाणी घ्या, वडी उभी धरा, न दाबता सावकाश फिरवा. जोर दिला की जाड कण सुटतात आणि रेघ खरबरीत येते. वडीमागे वाट उमटून ती लगेच बुजेनाशी झाली की शाई तयार. मग वडी तिथल्या तिथे पुसायची. ओली सहाणेवर राहिली तर सरसामुळे चिकटते, ओढून काढताना कपचा उडतो. उरलेली शाई झाकून ठेवण्यात अर्थ नाही, मुंबईच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी सरस कुजून वास मारते. सहाणही त्याच दिवशी धुवा.

कुंचल्यांपैकी मधला, कडक केसांचा, कामाचा आहे. मोठा शेळीच्या केसांचा. पहिल्या दोन धुण्यांत केस गळतात, पुढे ठीक. नवे कुंचले खळ लावून ताठ केलेले असतात, ते कोमट पाण्यात दहा मिनिटं सोडा. गरम पाण्यात मुळाशी केस धरून ठेवणारा डिंक सुटतो. बदली कुंचला घेताना मुंगसाच्या केसांचा कुणी पुढे केला तर घेऊ नका, वन्यजीव कायद्यानं त्याला बंदी आहे.

गिरवायचा नमुना सुंग सम्राट हुइझोंगच्या (राज्यकाळ 1100–1126) ‘सडसडीत सोनं’ वळणाचा. या वळणाची सगळी गंमत रेघेच्या टोकाला, जिथं कुंचला थबकून आकडा किंवा ठिपका उमटतो. नेमकी तीच टोकं छपाईत फासली गेलीयत. तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मूळ अक्षरांची छायाचित्रं फुकट मिळतात. ती मोठी करून छापून घ्या.

कागद ‘शुआन’ (सालीच्या तंतूंचा पारंपरिक चिनी कागद) म्हणून दिलाय, पण फाडून पाहिला तर कडेला लांब तंतू दिसत नाहीत, म्हणजे झाडाच्या सालीचा अंश नगण्य. शिवाय तो कच्चा, शाई फुटते. मोठ्या अक्षरांना चालेल. हुइझोंगच्या चित्रशाळेतल्यासारखे बारीक रेघेचे फुलं-पक्षी काढायचे तर सरस-तुरटीचं पाणी दिलेला कागद लागतो. जुन्या चिनी पाठात उन्हाळ्यासाठी सरस सात भाग, तुरटी तीन भाग. हिवाळ्यासाठी सरस दहा, तुरटी तीन. मुंबईकरांनी हिवाळ्याचं प्रमाण विसरावं. मात्र उन्हाळ्याच्या प्रमाणाहून तुरटी जास्त झाली की कागद कालांतरानं कडकडीत होऊन घडीवर तुटतो. सरस आधी रात्रभर भिजवून मंद आचेवर विरघळवा, तुरटी वेगळ्या गार पाण्यात. भरपूर पाण्यानं पातळ करून रुंद ब्रशनं एकाच दिशेनं फिरवा आणि टांगून वाळवा. हे काम जुलैत काढू नका: कागद दोन-दोन दिवस ओलसर राहतो आणि सरसावर बुरशीचे ठिपके येतात.