विनापरवाना ठेकेदाराविरुद्ध भरपाईचा दावा : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

साने गुरुजी वसाहतीतील आमच्या घरावर वरचा मजला चढवण्याचे काम डिसेंबर 2023 मध्ये सुरू झाले आणि मे 2024 मध्ये ठेकेदाराने ते पूर्ण झाल्याचे सांगितले. जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात नव्या खोलीचा स्लॅब पाझरू लागला आणि जुलैत तर पलंग सरकवून खाली घमेली मांडावी लागली. ठेकेदाराने दोनदा माणसे पाठवून वर सिमेंटचे पाणी ओतले आणि नंतर फोन घेणे बंद केले. ऑक्टोबरमध्ये नोटीस पाठवली, तिला उत्तर आले नाही, आणि जानेवारी 2025 च्या अखेरीस जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल केली. या मार्गाचा दहा महिने वापर केल्यावर जे कळले ते येथे लिहीत आहे.

आधी परवान्याविषयी, कारण माझी सर्वांत मोठी गैरसमजूत तिथेच होती. ठेकेदाराच्या कार्डावर ‘शासकीय परवानाधारक ठेकेदार’ असे छापलेले होते आणि त्याने सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नोंदणीची झेरॉक्सही दाखवली होती. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज केल्यावर समजले की ती नोंदणी त्याच्या एका नातेवाइकाच्या नावे होती आणि तिची मुदतही संपलेली होती. पण खरा धक्का वकिलांनी दिला. ती नोंदणी सरकारी निविदा भरण्यासाठी असते. खासगी घर बांधणाऱ्या ठेकेदाराला महाराष्ट्रात असा स्वतंत्र परवाना लागतच नाही. परवाना किंवा नोंदणी लागते ती वास्तुविशारदाला, आराखड्यावर आणि देखरेखीवर सही करणाऱ्या अभियंत्याला व पर्यवेक्षकाला, आणि विजेचे काम करणाऱ्या ठेकेदाराला व तारतंत्र्याला (वायरमनला). ज्या कागदावर विसंबून मी साडेतेरा लाखांचे काम दिले, तो खरा असता तरी माझ्या स्लॅबशी त्याचा काहीच संबंध नव्हता.

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो. त्याने फोनवर मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की परवाना नसेल तर दिलेले सगळे पैसे परत मिळतात. तिथे ते खरे आहे. तेथील व्यवसाय संहितेच्या कलम 7031 नुसार परवाना नसलेल्या ठेकेदाराला दिलेली रक्कम घरमालक परत मागू शकतो, आणि त्यासाठी काम वाईट होते हे दाखवण्याचीही गरज नसते. आपल्याकडे असे कलम नाही. येथे परवान्याची खोटी बतावणी हा दाव्याचा एक भाग होतो, संपूर्ण दावा नव्हे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये घरबांधणी ही ‘सेवा’ म्हणून स्पष्टपणे धरलेली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात 1993 मध्येच या मुद्द्याचा निकाल लावलेला आहे. त्यामुळे आमच्या तक्रारीचा कणा ‘सेवेतील त्रुटी’ हा राहिला, आणि नसलेली मान्यता असल्याचे भासवणे हे कलम 2(47) खालील ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणून जोडले गेले.

दाखल करण्याची प्रक्रिया अपेक्षेपेक्षा सोपी निघाली. तक्रार ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते आणि वकील देणे बंधनकारक नाही. अधिकारक्षेत्र आता मागितलेल्या भरपाईवर नव्हे तर प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर ठरते. जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाखांची आहे. मी दिलेला मोबदला दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात असल्यामुळे शुल्क केवळ 400 रुपये भरावे लागले. तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची असते, आणि ‘या पावसाळ्यानंतर बघू’ असे म्हणत बसणाऱ्यांनी ती विशेष लक्षात ठेवावी. प्रतिज्ञापत्राची पाने मी चुकीच्या क्रमाने स्कॅन केली आणि त्यात एक तारीख गेली. तो दोष सर्वस्वी माझा.

खरी कसोटी पुराव्याची आहे. सातशे चौरस फुटांचे काम, चौरस फुटाला 1,950 रुपये, साहित्यासह, असे तोंडी ठरले होते आणि एका वहीच्या पानावर ठेकेदाराच्याच अक्षरात लिहिलेले होते. मी 13 लाख 5 हजार रुपये दिले, पैकी 9 लाख 80 हजार बँकेतून आणि उरलेले रोख, कारण दर शनिवारी गवंड्यांचा पगार भागवायचा आहे म्हणून तो दारात येऊन उभा राहत असे. कायद्याने दिलेल्या तीस अधिक पंधरा दिवसांपैकी चव्वेचाळिसाव्या दिवशी त्याने जे लेखी म्हणणे दिले, त्यात तीन गोष्टी होत्या : रोख रक्कम मिळालीच नाही, काम केवळ लेबर रेटने घेतले होते व साहित्य मालकाचे होते, आणि उलट मालकाकडूनच साठ हजार येणे आहे. लेबर रेटचा हा बचाव फार जुना आणि फार उपयोगी आहे, कारण सिमेंट मालकाचे ठरले की गळतीचा दोषही मालकाच्या माथी मारता येतो.

त्याला उत्तर मिळाले ते शाहूपुरीतील सिमेंटच्या दुकानाच्या पावत्यांतून. पावत्या ठेकेदाराच्या नावे होत्या आणि त्या माझ्याकडे का होत्या, तर पत्नीने रिकाम्या गोण्यांबरोबर त्या टाकून देऊ दिल्या नव्हत्या म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘दादा, सळीचे पैसे सोडा’ हे त्याचे संदेशही कामी आले. ते दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र वकिलांनी आठवणीने जोडायला लावले. शिवाय एका नोंदणीकृत स्ट्रक्चरल अभियंत्याकडून 18 हजार रुपये मोजून अहवाल घेतला. सळीवर किमान 20 मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे असताना ते काही ठिकाणी आठ-दहा मिलिमीटरच भरले, वरच्या कोब्याला उतारच नव्हता, आणि पाणी जाण्याच्या पाइपाचे तोंड कोब्यापेक्षा वर होते. हा अहवाल नसता तर माझ्या ओल्या भिंतींच्या चाळीस फोटोंना ‘मालकाने देखभाल केली नाही’ एवढे एक वाक्य पुरले असते. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी अहवाल घ्यावा, हे मी शेजाऱ्यांना आता न विचारताही सांगतो.

विजेच्या कामाची कथा मात्र वेगळ्या वळणाने गेली. गिझरच्या नळाला हात लावताच झिणझिण्या येत, म्हणून बोर्ड उघडून पाहिला तर अर्थिंगची वायर आत कापून मोकळी सोडलेली. हे काम ज्या मुलाने केले त्याच्याकडे तारतंत्रीचा परवाना नव्हता. विजेच्या वाढीव भाराच्या अर्जाला जोडलेल्या टेस्ट रिपोर्टवर, म्हणजे वायरिंग तपासल्याच्या दाखल्यावर, मात्र एका परवानाधारक विद्युत ठेकेदाराची सही होती, आणि त्या गृहस्थांनी आमच्या घराचा उंबरठासुद्धा कधी ओलांडला नव्हता. त्यांना दुसरे विरुद्ध पक्षकार केले. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 37 प्रमाणे आयोगाने मध्यस्थीचा पर्याय दिला, तेव्हा मुख्य ठेकेदार आलाच नाही. हे गृहस्थ मात्र दोन्ही बैठकांना वेळेआधी हजर होते. टेस्ट रिपोर्टवरील सहीची तक्रार विद्युत निरीक्षकांकडे गेली तर परवानाच धोक्यात येतो, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. दुसऱ्या बैठकीत 1 लाख 10 हजारांवर तडजोड झाली आणि पैसे पंधरा दिवसांत खात्यावर आले. मला त्यांची थोडी दयाही आली. सही उसनी देण्याचे त्यांनी किती घेतले असतील? हजार-दोन हजार. ज्याच्याकडे परवाना होता त्याच्याकडून भरपाई आली, आणि ज्याच्याकडे परवानाच नाही त्याला गमावण्यासारखे काही नसल्यामुळे तो अजून तारखा घेत आहे.

गुण द्यायचे झाले तर खर्चाला पाचपैकी पाच, मध्यस्थीला चार आणि वेळेला दोन. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे आणि मी दहाव्या महिन्यात आहे. विरुद्ध बाजूने चार वेळा मुदत मागितली. आदेश मिळाल्यावरही वसुलीचा टप्पा उरतोच, पण आदेश न पाळल्यास कलम 72 खाली एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो, एवढा दिलासा आहे. तीस-चाळीस हजारांची गळती असती तर मी या वाटेला गेलो नसतो, हेही प्रामाणिकपणे लिहितो.

दुरुस्तीचे 5 लाख 35 हजार, त्रासाबद्दल 50 हजार आणि खर्चाचे 25 हजार एवढी मागणी मुख्य ठेकेदाराविरुद्ध कायम आहे. लेखी युक्तिवाद दाखल झाला आहे. वायरिंग मिळालेल्या पैशांतून नवे करून घेतले, या वेळी टेस्ट रिपोर्टवर सही करणाऱ्याला स्वतः मीटर घेऊन वरच्या मजल्यावर फिरायला लावले. स्लॅबवर अजून ताडपत्री आहे.