घर विकायला दिलं आणि फी आधी भरली

आईचं घर विकायचं ठरलं तेव्हा मी तीन एजंटांना बोलावलं. पहिल्या दोघांनी खोल्या पाहिल्या, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही म्हटल्यावर जरा गप्प झाले आणि दोघांनीही जवळजवळ सारखाच भाव सांगितला. कमिशन व्यवहार झाल्यावर, म्हणाले. मला तो भाव फारच कमी वाटला. ज्या घरात आपण वाढलो त्याचा भाव कुणीही सांगितला तरी कमीच वाटतो, हे आता कळतंय.

तिसऱ्याने भाव सांगितला तो त्या दोघांपेक्षा पाचव्या हिश्शाने जास्त. "मॅडम, दोन पार्ट्या माझ्याकडे तयारच आहेत, अशाच घराच्या शोधात." फक्त मार्केटिंगची फी आधी भरायची होती. त्या बदल्यात कमिशन इतरांच्या निम्मं. "बाकीचे एजंट शंभर घरं घेऊन बसतात आणि एकावरही काम करत नाहीत. मी फी घेतो, म्हणजे मी बांधील आहे."

मला हे पटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच पटलं. दादा फोनवर म्हणाला होता, "पार्ट्या तयार आहेत तर मार्केटिंग कशाला?" मी त्याला म्हटलं, तू लांब बसून शंका काढू नकोस. चेक लिहिला आणि चार पानी करारावर सह्या केल्या.

बांधील नक्की कोण, ते तिसऱ्या पानावर होतं. फी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. सहा महिने दुसऱ्या एजंटाकडे जायचं नाही. या काळात मी स्वतः ओळखीत घर विकलं तरी त्याला पूर्ण कमिशन द्यायचं. तो काय करणार, याबद्दल एकच वाक्य होतं: "योग्य ते प्रयत्न करण्यात येतील." किती जाहिराती, कुठे, किती दिवसांत, काही नाही. हे सगळं मी सही केल्यावर दोन महिन्यांनी नीट वाचलं.

फोटो काढायला एक मुलगा आला. स्वतःच्या मोबाइलवर वीस मिनिटांत उरकून गेला, स्वयंपाकघरातला दिवासुद्धा लावला नाही. जाहिरातीत मजला तिसऱ्याऐवजी चौथा पडला. मी दुरुस्त करायला तीनदा सांगितलं.

मग "पार्ट्या" आल्या. दोन महिन्यांत तीन. घर घ्यायला आलेला माणूस नळ सोडून बघतो, पाणी किती वाजता येतं विचारतो, भिंतीवर ओल दिसली की बोट लावतो, खिडकीतून ऊन कुठवर येतं ते पाहतो. यातल्या एकानेही नळाला हात लावला नाही. दारात चपला काढल्या, छताकडे पाहिलं, "छान आहे, कळवतो" म्हणाले आणि गेले. आईने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या होत्या. मी ते मनावर घेतलं नाही.

दोन महिन्यांनी तो म्हणाला, बाजार थंड आहे, भाव थोडा खाली आणू, आणि जाहिरात वरच्या पॅकेजमध्ये टाकू. त्याची वेगळी फी. आणि मी ती भरली. आज सगळ्यात जास्त लाज याच गोष्टीची वाटते. पहिल्यांदा फसणं समजू शकतं, पण दुसऱ्यांदा मी आधीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून पैसे दिले. भाव खाली आणून आणून कुठे आला? तर पहिल्या दोघांनी सांगितला होता तिथेच. फक्त तोवर जाहिरात शिळी झाली होती. इतके दिवस पडून असलेलं घर दिसलं की घेणाऱ्याला वाटतं, यात काहीतरी खोट असणार.

फोन उचलणं बंद झालं तेव्हा मी सरळ ऑफिसात गेले. काउंटरवर बसला होता तो माणूस मी ओळखला. आमच्या घराचं छत पाहून गेलेली दुसरी पार्टी! त्यानेही मला ओळखलं आणि कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. पण माझी नजर अडकली ती त्याच्या मागच्या पांढऱ्या फळ्यावर. नावं, सहीची तारीख, फी, रिन्यूअल असे रकाने. आमचंही नाव होतं. विक्री झाली की नाही, याचा रकानाच नव्हता.

तिथे उभ्या उभ्या मला त्याचा धंदा समजला. मी सही केली त्या दिवशी त्याची कमाई पूर्ण झाली होती. त्यानंतर माझं घर विकण्यासाठी त्याने केलेला प्रत्येक फोन, प्रत्येक फेरी हा त्याच्या खिशातून जाणारा खर्च होता. फुगवलेला भावसुद्धा घेणाऱ्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. तो घरं विकत नव्हता, घरमालकांना आशा विकत होता, आणि तिचे पैसे रोख घेत होता. कमिशन निम्मं ठेवणं त्याला का परवडत होतं, तेही मग लक्षात आलं. जे कधी मिळवायचंच नाही, त्यात सूट द्यायला काय जातं?

कराराची मुदत संपेपर्यंत मी थांबले आणि मग ओशाळून पहिल्या एजंटाकडे गेले. त्यांनी टोमणा मारला नाही. उलट फीचा विषय निघाल्यावर म्हणाले, "आमचंही दुःख आहे हो. आम्ही चार महिने पळापळ करतो आणि मालक शेवटच्या दिवशी म्हणतो, नाही विकायचं. आमचं पेट्रोल गेलं, वेळ गेला." हे खरं आहे. आणि कमिशनवाला एजंट म्हणजे संत असंही नाही. लेविट आणि सिव्हर्सन या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी शिकागो परिसरातल्या घरविक्रीचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते सुमारे साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि त्यांना ३.७ टक्के जास्त भाव मिळतो, असं त्यात दिसलं. म्हणजे तुमचं-आमचं घर असलं की एजंटांना घाई असते. थोडा भाव वाढला तर त्यांच्या कमिशनमध्ये चिल्लरच पडते. तरीही त्या घाईत घर विकलं तरी जातं. माझ्या माणसाला घाईच नव्हती.

नंतर मी वेड्यासारखं वाचत बसले. फ्रान्समध्ये १९७० च्या कायद्याने हा प्रश्न मुळातच मिटवलाय: व्यवहार पूर्ण होऊन लेखी होईपर्यंत एजंटाने पैसे मागायचेही नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. कॅलिफोर्नियात आगाऊ फी घेता येते, पण ती एजंटाच्या खिशात जात नाही. वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवावी लागते, काम झालं तसा हिशेब द्यावा लागतो, आणि कराराचा मसुदा वापरण्याआधी सरकारी खात्याला दाखवावा लागतो. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून भाडेकरूंकडून तपासणी, कागदपत्रं अशा नावांखाली फी उकळणंच बंद केलं. एवढे कायदे करावे लागले, म्हणजे माझ्यासारखे सगळीकडेच असणार, एवढंच समाधान.

आगाऊ पैसे घेणारा प्रत्येक जण चोर असतो, असं मी म्हणणार नाही. चांगला फोटोग्राफर आणला, कागदपत्रं तपासून दिली, तर त्या कामाचे पैसे द्यावेतच. पण त्याची पावती वेगळी आणि तीही त्या फोटोग्राफरची किंवा वकिलाची. त्यापुढची फी मागितली तर अंतिम कमिशनमधून ती वजा होणार का, हे करारात लिहून घ्या. तयार पार्टी आहे म्हणाला तर म्हणा, फी नंतर देते, आधी पार्टी आणा. मी हे म्हटलं असतं तर तो तिथूनच परत गेला असता. आणि मागच्या वर्षी नोंद घेतलेल्या घरांपैकी किती विकली, हे विचाराच. उत्तरापेक्षा उत्तर द्यायला लागलेला वेळ बघा.

पहिल्या एजंटांनी घर सात आठवड्यांत विकलं, त्यांनी सुरुवातीला सांगितलेल्या भावापेक्षा थोडं कमीत. माझ्या खात्यात पैसे आले त्याच संध्याकाळी त्यांचं कमिशन गेलं. देताना अजिबात जड वाटलं नाही.

याला आता चार महिने झाले. परवा सहज पाहिलं तर त्या माणसाची जाहिरात अजून तशीच आहे. तोच अंधारा स्वयंपाकघराचा फोटो, खिडकीला आईचे पडदे, मजला चौथा. मी दादाला सांगितलं, घेणारा म्हणून फोन करून बघ. त्याने केला. पलीकडून लगेच उत्तर आलं, "आहे ना सर, अगदी रिकामं आहे, उद्याच दाखवतो. फक्त आधी रजिस्ट्रेशनची फी भरावी लागेल."