दोन फुटांची टाकी, नऊ महिने: शेवाळाशी झालेला तह

दिवाळीच्या आठवड्यात टाकी आणली, आता श्रावण लागलाय. माझं कामाचं टेबल तिला लागूनच आहे. दिवसाचे आठ तास तरी मी आणि मासे एकमेकांकडे बघत बसतो, तेव्हा मत द्यायला हरकत नसावी.

सामान असं: २४ × १२ × १५ इंचांची काचेची टाकी, काठावर टांगायचा फिल्टर, १८ वॅटचा एलईडी दिवा, बारीक काळी वाळू, एक लाकडाचा ओंडका. मासे सोडून साडेसात हजार. दुकानात ‘सत्तर लिटरची’ म्हणून देतात, पण वाळू आणि वर सोडलेली जागा वजा केली की पाणी पंचावन्न लिटरच भरतं. मासे किती ठेवायचे ते या पंचावन्नावर ठरवायचं, सत्तरवर नाही.

निकाल आधीच सांगून टाकते. शेवाळ खाणारे मासे, गोगलगाई, औषधाची बाटली, काच घासायचं चुंबक असं काय काय आणलं, पण सगळ्यांना भारी पडला तो दिव्याच्या प्लगात लावायचा साडेचारशे रुपयांचा टायमर. दुसरा नंबर मनी प्लँटचा, तो तर फुकटच मिळाला.

सुरुवात मात्र साफ चुकली. दुकानदार म्हणाला, “मॅडम, पाणी भरा, २४ तास फिल्टर चालवा, उद्या मासे सोडा.” मी १२ निऑन टेट्रा आणले. आठवड्याभरात ५ उरले. पाणी इतकं नितळ होतं की दोष पाण्याचा असेल हे डोक्यातच येईना. शेवटी टेस्ट किट मागवलं. अमोनियाची जी नळी पिवळी राहायला हवी, ती चक्क पोपटी झाली. माशांच्या अंगातून अमोनिया सतत बाहेर पडत असतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. आधीची दोन्ही माशांना विष, शेवटचं त्यामानाने गरीब. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला महिना-दीड महिना घेतात. दुधाला विरजण लावायचं सोडून मी एका रात्रीत दही मागत होते. मग खरंच विरजण आणलं: ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या जुन्या टाकीतला मळका स्पंज तिच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, डब्यात घालून आणला आणि माझ्या फिल्टरमध्ये कोंबला. जानेवारी उजाडेपर्यंत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. तोवर निऑन एकच उरला होता, तो मैत्रिणीच्या थव्यात सोडला.

त्याच सुमारास काचेवर तपकिरी भुकटी बसायला लागली. बोटाने पुसली की जायची, दोन दिवसांनी परत हजर. याला डायटम म्हणतात, हेही एक शेवाळच. नव्या टाकीत ते येतातच आणि टाकी मुरली की आपसूक जातात. हे तेव्हा ठाऊक असतं तर ८० रुपये आणि बराच मनस्ताप वाचला असता. मी काय केलं, तर दुकानातून सकर आणला. दोन इंचांचं गोजिरवाणं पिल्लू, तोंडाने काचेला चिकटून बसणारं. आठवड्यात काच लख्ख! मी खूश. पण सकर जितकं खातो तितकंच मागे टाकतो, लांबच लांब दोऱ्यांसारखं. म्हणजे आजचं शेवाळ खाऊन उद्याच्या शेवाळाला खत. मार्चपर्यंत तो पाच इंच झाला, रोपं उपटायला लागला, आणि पुढे फुटाच्याही वर जातो हे कळल्यावर मी त्याला बादलीत घालून दुकानात परत दिला. शेजारचे काका म्हणत होते, मुळा नदीत सोडून दे, जिवाला पुण्य लागेल. असलं पुण्य नको. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. हौशी लोकांनी सोडून सोडून आता तो गंगेतही सापडतो आणि इथल्या माशांच्या मुळावर उठलाय. टाकी लहान असेल तर सकर घेऊच नका, दुकानदार कितीही “सफाई कामगार” म्हणाला तरी.

आता दिव्याचं. दिव्यात टाकी सुंदर दिसते, त्यामुळे आमच्याकडे सकाळी आठला लागलेला दिवा रात्री साडेदहाला बंद व्हायचा. भर म्हणून हिवाळ्यात खिडकीतून तिरपं ऊन तासभर मागच्या काचेवर यायचं. फेब्रुवारीत त्याची फळं आली. वॅलिस्नेरियाच्या पानांना हिरव्या दोऱ्या लोंबायला लागल्या, मग दोऱ्यांचे पुंजके झाले. जुना टूथब्रश घालून गोल फिरवला की म्हातारीचे केस काठीला गुंडाळावेत तसं शेवाळ ब्रशला गुंडाळून बाहेर यायचं. पिळून ठेवलं की लिंबाएवढा गोळा. रविवारी लिंबाएवढा काढावा, तर बुधवारी पुन्हा सुपारीएवढा तयार. शेवाळाचं औषध म्हणून मिळणारी बाटलीही याच काळात आणली. दोऱ्या जरा पांढुरक्या पडल्या, पण त्यांच्याआधी हॉर्नवर्ट विरघळून गेला. पाण्यातलं खत शोषून घेणारं एकमेव जोमदार रोप मीच मारलं. बाटली कपाटात आहे, कुणाला हवी असेल तर घेऊन जा.

टायमर लावला दुपारी १ ते रात्री ८. बस, सात तास. मागच्या काचेला काळा कार्डपेपर चिकटवला. माझ्या दिव्याला उजेड कमी करायची सोय नाही (ही त्याची मोठी खोट), म्हणून डासांच्या जाळीचा तुकडा दुहेरी करून दिव्याखाली लावला. घरच्यांना हे सगळं फार गबाळं वाटलं. पण तिसऱ्या आठवड्यात ब्रशला काही लागेना.

टायमरची एक गंमत सांगायलाच हवी. माझा स्वस्तातला, गोल तबकडीचा, कडेला पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ खिट्ट्या असलेला. लाइट गेली की तबकडीही थांबते आणि आली की जिथे थांबली तिथून पुढे फिरते. मे महिन्यात आमच्याकडे रोज अर्धा-पाऊण तास वीज जात होती. मला पत्ताच नाही! एके दिवशी रात्री अकराला पाणी प्यायला उठले तर टाकी झगमगत होती. वेळ तीन तासांनी मागे पडली होती. तास तेवढेच पडत होते, त्यामुळे शेवाळ वाढलं नाही, पण मासे अपरात्री जागे. पुन्हा घेतला तर आत बॅटरी असलेला डिजिटल घेईन.

मे महिन्यानेच दुसरा धडा दिला. एरवी आमच्या बाणेरच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) ९० च्या आसपास. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले आणि त्याच नळाला ६८० दिसलं. बोअरचं पाणी. मी नेहमीप्रमाणे २० लिटर बदललं आणि दुसऱ्या दिवशी दोन चेरी बार्ब तळाशी बसून धापा टाकत होते. तेव्हापासून पाणी बदलायच्या आधी मीटर बुडवते. आकडा मोठा असेल तर एकदम २० न बदलता दिवसाआड ५ लिटर. दोनशे-अडीचशेचं हे मीटर अमोनियाबद्दल काहीही सांगत नाही, पण टँकर येणाऱ्या घरात ते पाहिजेच. क्लोरीन मारायचे थेंब तर प्रत्येक बादलीला, त्यात आळस नाही. त्या महिन्यात पाणी ३१ अंशांवर गेलं होतं. झाकण काढून टेबलफॅन पाण्यावर लावला की दोन-अडीच अंश उतरायचं. पण झाकण काढलं आणि एक डॅनिओ सकाळी टेबलाखाली सापडला. उडी मारतात ते. आता झाकणाच्या जागी तीच डासांची जाळी.

मनी प्लँट असाच नादात लावला. बाल्कनीतल्या वेलाच्या तीन फांद्या फिल्टरच्या डब्यात खोचल्या, मुळं पाण्यात, पानं बाहेर. महिन्याभरात मुळांच्या पांढऱ्या दाढ्या झाल्या आणि आठवड्याअखेर ४० दिसणारं नायट्रेट २० च्या खाली आलं. जे शेवाळाने खाल्लं असतं ते वेल खातोय. पानं हवेत असल्यामुळे त्याला कर्बवायूची ददात नाही, म्हणून तो पाण्यातल्या रोपांपेक्षा झपाट्याने वाढतो.

खाणं हा घरातला नाजूक विषय. सासरे सकाळी घालायचे, मुलगा शाळेतून आला की घालायचा, मी संध्याकाळी. प्रत्येकाला वाटायचं आपणच घालतोय. रोपांबरोबर आलेल्या चिमुकल्या गोगलगाई शंभरावर गेल्या तेव्हा भांडं फुटलं, कारण उरलेलं खाणं असल्याशिवाय त्या एवढ्या वाढत नाहीत. आता डबी माझ्या खणात. दिवसातून एकदा, दीड मिनिटात संपेल एवढंच. शनिवारी सासऱ्यांचा उपास असतो, त्या दिवशी माशांचाही. आणि गोगलगाई आपोआप वीस-पंचवीसवर आल्या.

सध्या टाकीत आहेत ते: ६ झेब्रा डॅनिओ, ६ चेरी बार्ब, हनी गौरामीची एक जोडी, ४ ओटो आणि ३ नेराइट गोगलगाई. पहिल्यांदा डॅनिओ, तीन आठवड्यांनी बार्ब, मग गौरामी, असे थांबत थांबत आणले. नवीन मासे आले की आठवडाभर अमोनिया रोज तपासायचा. डॅनिओ आणि गौरामी आपल्याच देशातले, पुण्याच्या हवेला काटक. जानेवारीत पाणी २० वर गेलं तरी डॅनिओंनी हूं की चूं केलं नाही. इतरांसाठी हीटर घेतला, तो दीड महिना चालला आणि परत खोक्यात. गप्पी मुद्दाम घेतले नाहीत. लहानपणी आमच्या वाड्याच्या हौदात मलेरियावाल्यांनी मूठभर गप्पी सोडले होते, दिवाळीपर्यंत हौदात पाण्यापेक्षा गप्पी जास्त. मादी एकदा नराला भेटली की पुढे कित्येक महिने पिल्लं देत राहते. तो हौद बारा महिने हिरवागार असायचा, काठाला बोटभर शेवाळ, आणि मासे टुणटुणीत. शेवाळाचा त्रास माशांना नसतो, आपल्या डोळ्यांना असतो, हे तेव्हाच समजायला हरकत नव्हती.

ओटो मार्चनंतर आणले, टाकीत त्यांना चरायला पातळ हिरवा थर होता तेव्हा. नव्या टाकीत आणू नका, उपाशी मरतात. बोटाच्या पेराएवढा मासा, पण पानाच्या वरून, खालून, देठावरून असा चरत जातो की पान पुसून ठेवल्यासारखं दिसतं. दोऱ्यांच्या शेवाळाला मात्र तो ढुंकून बघत नाही. आठवड्यातून दोनदा काकडीची चकती उकळत्या पाण्यातून काढून, काट्याला टोचून तळाशी ठेवते. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, “आम्हाला कच्ची आणि यांना वाफवून? जावई आलेत का घरी?” चारही जण चकतीवर गोल बसतात आणि सकाळी नुसती सालीची बांगडी उरते.

नेराइट काचेवरच्या हिरव्या ठिपक्यांवर उत्तम. जिथे चुंबक हरतं तिथे त्या खरवडतात. पण ओंडकाभर तिळासारखी पांढरी अंडी घालून ठेवतात. गोड्या पाण्यात ती फुटत नाहीत आणि नखाने निघतही नाहीत. ओंडका आता हलव्याचा दागिना दिसतो.

फिल्टरबद्दल थोडं. पाणी छान फिरवतो, पण पातळी दोन बोटं उतरली की धबधब्याचा आवाज, मीटिंगमध्ये लोक विचारतात पाऊस पडतोय का. वीज जाऊन आली की कधीकधी नुसता घरघरतो, पाणी ओढत नाही, वरून तांब्याभर ओतावं लागतं. दर महिन्याला आतलं गाळणीचं काडतूस बदला असं खोक्यावर लिहिलंय. मी एकदा ऐकलं आणि अमोनिया परत वर. आता काडतुसाच्या जागी साधा स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगा, बदललेल्या पाण्याच्या बादलीतच पिळायच्या. नळाखाली अजिबात नाही.

फिल्टरच्या तोटीवर एप्रिलपासून शेवाळाची काळी दाढी उगवली आहे, अर्ध्या इंचाची. ब्रशने निघत नाही, ओटो खात नाहीत, नेराइट वळसा घालून जातात. पेरॉक्साइड लावून मारता येते म्हणतात. पण दिवा विझला की दोन बार्ब त्या दाढीत तोंड खुपसून झोपतात, म्हणून तूर्त हात लावलेला नाही.