उंदराची शेपूट खिशातच राहिली

मेहुणा न्यू जर्सीहून आला तेव्हा बॅगेतून बदामाची पाकिटं, बायकोसाठी पर्स आणि माझ्यासाठी एक करडा डबा निघाला. "दाजी, तुम्हीच म्हणायचा की, शाळा बुडवून व्हिडिओ गेम खेळायचो म्हणून. घ्या आता." डबा म्हणजे निन्टेन्डोचा जुना एनईएस, टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र. सोबत एकच कार्ट्रिज, म्हणजे खेळाची डबी, 'फायनल फँटसी', पहिला भाग. जपानात १९८७ च्या डिसेंबरात आलेला, अमेरिकेत १९९० साली.

चौघांच्या टोळीने खेळायचा हा खेळ मी एकाच गड्याने संपवला, तेही त्याच्या हातात शेवटपर्यंत काही न देता. दोन महिने लागले. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, तेव्हा याचाही हिशेब लिहून ठेवावा म्हटलं.

आधी विजेचं, कारण माणूस पहिला मार तिथेच खातो. डब्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा आहे. आपल्या २३० च्या सॉकेटात तसाच खुपसला तर खेळ सुरू व्हायच्या आधीच संपेल. नवी पेठेतून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला, साडेआठशे रुपये, वजनाला वरवंट्यासारखा. टीव्हीला पिवळी आणि लाल पिन जोडायची, आवाज मोनो. एवढं झालं की चित्र येतं.

मग सेलची भानगड. कार्ट्रिजच्या पोटात सीआर२०३२ जातीचा नाण्याएवढा सेल असतो, आणि तुमचं सेव्ह, म्हणजे खेळात कुठवर आलात त्याची नोंद, त्याच्या जिवावर टिकतं. माझ्याकडचा कधीच मेलेला. तो सोल्डर केलेला असतो आणि कार्ट्रिजचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, ३.८ मिलिमीटरचा वेगळाच बिट लागतो, तो ऑनलाइन मागवला. ज्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे आधी गेलो (नाव लिहीत नाही, पोटावर पाय कशाला) त्याने नवा सेल सेलोटेपने चिकटवून दिला. आठवडाभर चालला. बाराव्या लेव्हलला होतो (लढून अनुभव साठला की गडी एकेक लेव्हल वर चढतो), एका संध्याकाळी चालू केलं तर सगळं कोरं. दुसऱ्याने नीट होल्डर बसवला, दीडशे घेतले, तेव्हापासून तक्रार नाही. बंद करताना आधी रीसेट दाबून धरायचं आणि मग पॉवर दाबायची, हे विसरू नका.

आता खेळ. सहा प्रकारच्या माणसांतून चार निवडायची: तलवारवाला, चोर, तीन रंगांचे जादूगार आणि ब्लॅक बेल्ट, म्हणजे नुसत्या मुठींनी लढणारा. नाव चार अक्षरांत बसवायचं. माझा ब्लॅक बेल्ट 'आबा'. आमचे आबा गिरणीत होते, पण गल्लीत त्यांची ओळख तालमीतला माणूस अशीच. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग आंघोळ, मग भोंगा. गावोगावच्या जत्रेतल्या कुस्त्या केल्या, कधी काठीसुद्धा हातात धरली नाही. बाकीच्या तिघांना मी नावं म्हणून एकेक अक्षर दिलं, कारण ते मरणारच होते.

त्यांना मारणं हेही काम आहे. शत्रूचा निम्मा मार पहिल्या नंबरवर पडतो, पाव दुसऱ्यावर, उरलेला शेवटच्या दोघांत वाटला जातो. म्हणून आबांना चौथ्या नंबरवर उभं केलं आणि कोनेरिया गावाबाहेर इम्प नावाच्या चिल्लर पोरांकडून तिघांना मार खाऊ दिला. लै वेळ लागला. मुलगा बाजूला येऊन बसला. "पप्पा, हे तिघं आडवे का पडलेत?" मी काही बोलायच्या आत बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पप्पांच्या ऑफिससारखं आहे ते."

एकट्याने खेळण्यातला पहिला फायदा इथेच. लढाईतला अनुभव जिवंत असलेल्यांत वाटला जातो. एकच जिवंत असेल तर चौघांचा वाटा त्याला.

तोटा मात्र लगेच कळतो. मुठीचं बळ लेव्हलच्या दुप्पट धरलेलं आहे. पहिल्या लेव्हलला दोन! गावातल्या दुकानात दहा नाण्यांत लाकडी ननचाकू मिळतो आणि त्याचं बळ बारा. म्हणजे शहाणा माणूस ननचाकू घेतो. मी नाही घेतला. आबांचे ३३ हिट पॉइंट (म्हणजे जीव, ते संपले की माणूस मेला), एका इम्पला लोळवायला चार-चार फेऱ्या, मग तीस नाण्यांत लॉजवर मुक्काम, पुन्हा बाहेर. पहिले तीन दिवस हाच धंदा. तालमीत नवीन पोरगं आलं की त्याला महिनाभर नुसती माती उकरायला लावतात, तसं.

दहाव्या लेव्हलला मात्र डाव पलटतो. रिकाम्या हाताच्या ब्लॅक बेल्टचे फटके दुप्पट मोजले जातात, आणि दहाव्याला ते दोनाचे चार होतात. एका फेरीत चार, प्रत्येक वीसच्या बळाचा. त्या रात्री ओगर नावाच्या दांडग्या राक्षसांची टोळी आली आणि आबांनी एकेका फेरीत एकेक झोपवला. मी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो हे नंतर लक्षात आलं. पुढे एकविसाव्याला सहा, बत्तिसाव्याला आठ, बेचाळिसाव्याला दहा. हे आकडे मी कारखान्याच्या जुन्या चलानाच्या पाठीमागे लिहून भिंतीला चिकटवले होते.

आणखी एक गोष्ट, जी एकट्याने खेळल्याशिवाय कळणार नाही. या खेळाची बदनाम खोड अशी की दोघांनी एकाच शत्रूला मारायचं ठरवलं आणि पहिल्यानेच त्याला संपवलं, तर दुसऱ्याचा फटका हवेत जातो. पडद्यावर 'इनइफेक्टिव्ह' येतं आणि चौघांचं खेळणारा माणूस चिडतो. एकटा माणूस हवेत मारतच नाही. नवीन आवृत्त्यांत ही खोड काढून टाकली आहे म्हणे. मला ती कधी बोचलीच नाही.

जे बोचलं ते दुकान. जखमेची औषधं साठ नाण्यांना एक, एक घेतलं की तीस पॉइंट भरतात, जवळ जास्तीत जास्त ९९ ठेवता येतात. जादूगार मेलेला, म्हणजे ९९ लागणारच. आणि दुकानदार एका वेळी एकच देतो. हवं का? हो. अजून? हो. नव्व्याण्णव वेळा. आपला किराणावाला असं करेल तर गिऱ्हाईक डबा टाकून निघून जाईल की ओ. करणाऱ्यांनी एवढा मोठा खेळ बांधला आणि डझनाचा भाव सुचला नाही.

मरणाचे प्रकार सांगतो, कारण एकट्याला खरी भीती माराची नाही. दलदलीच्या गुहेत क्रॉल नावाची अळी आहे. तिचा एकेक फटका कसाबसा एका पॉइंटचा, पण एका दमात आठ, आणि लागला की अंग लुळं. साथीदार असता तर त्याने तोवर अळीला मारलं असतं. इथे आबा उभे आणि अळी एकेक पॉइंट कुरतडत बसलेली. मी चहा करून आलो तरी चालूच होतं. असं गुदगुल्यांनी मरणं मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेलं नाही. मग अॅस्टॉस, हा राजाचं सोंग घेऊन बसलेला असतो. तो पहिलीच जादू टाकतो ती थेट मृत्यूची. लागली तर खलास, नाही लागली तर आबा त्याला सहज लोळवतात. मी दोनदा मेलो, तिसऱ्यांदा वाचलो. यात कौशल्य काही नाही, नाणेफेक आहे.

बर्फाच्या गुहेबद्दल मला राग आहे तो अजून गेलेला नाही. तिथे एक जात नुसत्या स्पर्शाने मारते. मृत्यूपासून वाचवणारी अंगठी गाया गावात वीस हजाराला मिळते, पण गायाला जायला विमान हवं, आणि विमान वर काढायचा दगड याच बर्फाच्या गुहेत. (अंगठी मी नियमात बसवली. आबाही एक घालायचे.) चौदा वेळा मेलो. मे महिना, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, पंखा गरम वारा फेकतोय आणि मी बर्फात मरतोय. पंधराव्यांदा दगड घेऊन जवळजवळ प्रत्येक लढाईतून पळत बाहेर आलो.

आता शेपटीचं. एका किल्ल्यात परीक्षा देऊन उंदराची शेपूट आणायची, ती बहामुत नावाच्या ड्रॅगनच्या राजाला दाखवायची की सगळ्यांना बढती मिळते. ब्लॅक बेल्टचा 'मास्टर' होतो, चित्र बदलतं, रुबाब येतो. पण आत एक घोळ आहे. ब्लॅक बेल्टला प्रत्येक लेव्हलला जादूपासूनचा बचाव चारने वाढतो, खेळातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त. मास्टर झाला की एकने. आणि हा आकडा पडद्यावर कुठेच दिसत नाही. चौघांच्या टोळीत कुणाला पत्ता लागत नाही. एकट्याचं सगळं आयुष्य त्या आकड्यावर. खेळ दिसायला बढती देतो आणि मागच्या दाराने काढून घेतो. चार वर्षांपूर्वी माझ्या कारखान्याने मला 'सीनियर' केलं, टेबलावर पाटी आली, आणि सीनियरला ओव्हरटाइम नसतो असं पुढच्या पगाराला कळलं. तेव्हा मी बहामुतकडे गेलोच नाही. शेपूट आणली आणि सामानात ठेवून दिली.

शेवटच्या देवळात आत सेव्ह करता येत नाही. आधी मारलेले चारही राक्षस, लिच, केरी, क्राकेन, तियामत, तिथे पुन्हा ओळीने उभे, आणि मग शेवटचा शत्रू केऑस. पहिल्या वेळी क्राकेन पडला आणि लाइट गेली. मी अंधारात तसाच बसून राहिलो. बायकोने काही विचारलं नाही, पाण्याचा तांब्या आणून ठेवला फक्त. पुढच्या वेळी रविवारी पहाटे चारला बसलो, त्या वेळी आमच्याकडे लाइट सहसा जात नाही. आबा चव्वेचाळिसाव्या लेव्हलला. केऑसचे दोन हजार पॉइंट, आणि त्याच्याकडे स्वतःला पूर्ण बरं करायची जादू. दोनदा त्याला अर्ध्यावर आणला असेन, दोनदा तो टवटवीत झाला. औषधं सोळा उरली होती. तिसऱ्या वेळी दहा फटक्यांत दोन वर्मी लागले आणि तो विरघळायला लागला. साडेसहा वाजले होते, गल्लीत दूधवाल्याची गाडी आली होती.

घ्यावा का? चौघांनी खेळायचा असेल तर नवीन आवृत्ती घ्या, फोनवरही मिळते, ट्रान्सफॉर्मर नको न सेल नको. वर सांगितलेलं बढतीचं आणि मुठींचं गणित या जुन्या कार्ट्रिजचं आहे, तिथे लावू नका. एकट्या ब्लॅक बेल्टने खेळायचा असेल तर हेच घ्या, सेल बदलून घ्या, आणि बर्फाच्या गुहेसाठी थंडीचे दिवस निवडा.

एक उणीव राहिली. या कार्ट्रिजमध्ये सेव्हची जागा एकच. काल मुलाने नवा खेळ सुरू केला. तलवारवाला पुढे, दोन जादूगार, एक चोर, सगळे जिवंत. नाक्यावरच्या इम्पना धुऊन तो लॉजच्या दारात पोहोचला आणि थांबला, कारण लॉजवर झोपलं की सेव्ह होतं आणि जुनं पुसलं जातं.

"पप्पा, झोपू का?"

मी विचारलं, तलवारवाल्याचं नाव काय ठेवलंस. तो म्हणाला, आबा.

"झोप," म्हटलं.