चेफालूचा आराखडा: पर्वरीच्या एजन्सीकडून काय घ्यावं, काय सोडावं

इटलीतल्या सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या चेफालू गावासाठी गोव्यात पर्वरीतली एक छोटी ट्रॅव्हल एजन्सी ‘ग्रुप टूर नको, आमचं आम्ही फिरू’ म्हणणाऱ्यांना वेगळी सेवा देते. व्हिसाची फाइल, विमानाची तिकिटं, राहण्याचं बुकिंग आणि दिवसवार कार्यक्रमाचा कागद. सेवेचा निकाल आधीच सांगून टाकतो: फाइल उत्तम, तिकिटं काठावर पास, राहण्याची जागा चुकीची आणि दिवसवार कागद परत करण्याच्या लायकीचा.

पैसे वसूल होतात ते फाइलमध्ये. शेंगेनचा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत देता येतो. निकाल साधारण १५ दिवसांत लागतो, पण शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत लांबतो. मोठ्यांना फी ९० युरो, सहा ते बारा वयाच्या आतल्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. हे कोणीही सांगेल. एजन्सीचं कौशल्य दिसतं ते मुक्कामाच्या रात्रींचा हिशेब जुळवण्यात. कार्यक्रमातली प्रत्येक रात्र कुठल्या तरी बुकिंगमध्ये दिसावी लागते, आणि विमानात गेलेली रात्र मोकळी दिसली की अर्जाकडे बघणारा तिथेच अडखळतो. इथे त्या रात्रीचा खुलासा अर्जासोबतच्या पत्रात एका ओळीत केलेला असतो.

गोव्यात खरी गोची होते ती नावांची. जुन्या जन्मदाखल्यावर कामत ‘सी’ने सुरू होतात, पासपोर्टवर ‘के’ने. नाईकांच्या शेवटी कुठे ‘क्यूयूई’, कुठे नुसता ‘के’. लग्नानंतर बदललेलं नाव बँकेत एक आणि प्राप्तिकराच्या कागदावर दुसरं. फाइल हातात घेतल्यावर एजन्सी पहिल्यांदा ही नावं एकाखाली एक लिहून काढते आणि फरक असेल तिथे ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करून घ्यायला सांगते. नोटरीकडे अर्ध्या दिवसाचं काम. पण अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी सुचलं तर पंचाईत.

दुसरी गोष्ट त्यांनी आपणहून विचारली, तिचे पूर्ण गुण. घरात एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि बाकीच्यांकडे भारतीय, अशी कुटुंबं आपल्याकडे कमी नाहीत. युरोपीय संघाच्या नागरिकाबरोबर त्याच्या स्वतःच्या देशाखेरीज संघातल्या दुसऱ्या देशात, म्हणजे इथे इटलीला, जाणाऱ्या पती-पत्नीला आणि २१ वर्षांखालच्या मुलांना व्हिसा फी पडत नाही, कागदही कमी लागतात. मुख्य पुरावा नात्याचा, आणि गोव्यात लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे असतेच. मात्र त्या नागरिकाबरोबर किंवा त्याच्याकडेच जायला हवं, एकट्याने निघून चालत नाही. शिवाय तेच कुटुंब पोर्तुगालला निघालं तर हा नियम तसाच्या तसा लागू होत नाही.

तिकिटांत सावध राहा. पहिल्यांदा कोड बघा: जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. जाताना एक आणि येताना दुसरा आला तर गाडी कुठे ठेवणार? मडगावकरांना मोपा गाठायचं म्हणजे दीड-पावणेदोन तास धरावेच लागतात. दुसरं, रोम ते पालेर्मो (चेफालूजवळचं मोठं शहर) हा शेवटचा टप्पा वेगळ्या तिकिटावर घेतला की पैसे वाचतात, पण बॅगा रोममध्ये काढून पुन्हा द्याव्या लागतात, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी नसते. एजन्सीने या दोन विमानांत दीड तास ठेवला होता. शेंगेनची इमिग्रेशन रोमलाच होते. ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नोंदणीही टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. वेगळी तिकिटं असतील तर चार तास हवेत. एकाच तिकिटावर बॅग थेट पालेर्मोला जात असेल तर अडीच-तीन तास पुरतात. स्वस्त विमानाच्या तिकिटात बॅगेचं वजन धरलेलं नसतं, तेही आधीच विकत घ्या. विमानतळावर तेच महाग पडतं.

महिन्याची निवड फसली आहे. शाळांना सुट्टी म्हणून मे सुचवला जातो. मेमध्ये हवा सुरेख असते, पण समुद्र १८-१९ अंशांवर. मिरामार-कोलव्याच्या कोमट पाण्यात वाढलेली मुलं घोट्यापर्यंत जाऊन परत येतात. तिकडे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, म्हणजे आपला पावसाळा तो त्यांचा सीझन. ऑगस्टमध्ये पाणी छान तापलेलं असतं, पण १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सुट्टीच्या सणाच्या आसपास अख्खी इटली किनाऱ्यावर येते आणि खोल्यांचे भाव चढतात. गोवेकराला सोयीचा काळ चवथ उरकल्यानंतरचा. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. पाच दिवसांचा गणपती पोचवून निघालं तरी सप्टेंबरअखेर मिळतो. तेव्हा पाणी २४-२५ अंशांवर असतं आणि गर्दी ओसरलेली असते. एखादी वादळी सर येते, तेवढी धरून चालायचं.

राहण्याचं बुकिंग पत्त्यावर ‘चेफालू’ वाचून केलेलं दिसतं. प्रत्यक्षात जागा माझ्झाफोर्नोला, गावाच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर. गाडी नसेल तर संध्याकाळी गावातून परतणं हीच रोजची कटकट. आणि गाडी घेतली तर जुन्या गावात ‘झेडटीएल’, म्हणजे ठरावीक गाड्यांनाच मुभा असलेला भाग. फाटक नाही, पोलीस नाही, फक्त कॅमेरा. दंडाचा कागद भाड्याच्या गाडीवाल्यामार्फत काही महिन्यांनी घरी येतो आणि गाडीवाला आपला प्रक्रिया खर्च वेगळा लावतो. तेव्हा खोली स्टेशन आणि कॅथेड्रलच्या मध्ये बघावी. स्टेशनवरून जुनं गाव चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. बुक करण्याआधी तीन प्रश्न विचारा: मजला कितवा, लिफ्ट आहे का, एसी प्रत्येक खोलीत आहे की एकाच? जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात, गल्ल्या दगडी. मोठ्या चाकांच्या बॅगेपेक्षा दोन लहान बऱ्या. प्लगची काळजी नको: व्होल्टेज आपल्यासारखंच, आपली दोन गोल पिनांची पिन बसते, तीन पिनांची बसत नाही.

आता तो दिवसवार कागद. त्यात चेफालूहून ताओर्मिना, म्हणजे सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावरचं गाव, ‘हाफ डे’ लिहिलं आहे. रेल्वेने जायचं तर आधी मेस्सिना, तिथे गाडी बदलून पुढे. शिवाय ताओर्मिनाचं स्टेशन खाली समुद्राला लागून आणि गाव दोनशे मीटर वर, म्हणजे तिथून आणखी बस. जाऊन-येऊन सहा-सात तास रुळांवर जातात. नकाशावर बोट ठेवून केलेला कार्यक्रम तो असा. त्याऐवजी पालेर्मो करा, रीजनल गाडीने तासाभराच्या आत. विमानतळावरूनही रेल्वेने पालेर्मो चेंत्राले हे मुख्य स्टेशन गाठून तिथेच गाडी बदलता येते, टॅक्सीची गरज नाही. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, मोबाइलवरच्या तिकिटाचं गाडी सुटण्याआधी चेक-इन करायचं. विसरलात तर तिकीट असूनही दंड. रेल्वेचा संप आधी जाहीर होतो, बऱ्याचदा शुक्रवारी. त्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक रीजनल गाड्या सोडतात. परतीचा दिवस शुक्रवार असेल तर हे पाठ असू द्या.

ला रोक्का हा गावावरचा २७० मीटरचा खडक कागदात दुपारी टाकला आहे. दुपारी नको. सकाळी दार उघडताच चढा, माणशी लिटरभर पाणी घ्या आणि पायात पकड असलेले बूट घाला. तिथले दगड घासून गुळगुळीत झाले आहेत, चपला सुटतात. निम्म्या वाटेवर डायनाचं देऊळ, माथ्यावर किल्ल्याचे अवशेष. जोराचा वारा-पाऊस असेल तर वाट बंद ठेवतात. कॅथेड्रल ११३१ मध्ये नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने सुरू केलं. गाभाऱ्यातलं ख्रिस्ताचं सोनेरी मोझाइक ११४८ चं. पाहायला जाताना खांदे-गुडघे झाकलेले असावेत. दुपारी दुकानं आणि काही चर्चं बंद असतात, ती वेळ समुद्राला द्या. किनाऱ्यावर छत्री-खाटांचे पैसे देण्याचे पट्टे आणि मोकळा पट्टा दोन्ही आहेत. भरती-ओहोटी जवळजवळ नसल्याने टॉवेल वाहून जात नाही, याची मात्र गोवेकराला गंमत वाटते.

जेवणाचं मासे खाणाऱ्यांना फार सांगायला नको: सार्डिन, बडीशेपेचा रानटी पाला आणि मनुका घातलेला पास्ता मागवा, तलवार मासाही चांगला. शाकाहाऱ्यांना पानेल्ले, म्हणजे चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या पावात घालून. वांग्याची आंबटगोड कापोनाता. वांग्याचाच पास्ता आल्ला नोर्मा. स्फिंचोने नावाच्या जाड पिझ्झावर अँचोवी मासा असतो, तो दिसत नाही, विचारावा लागतो. बिलात माणशी ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार लागतो, ती फसवणूक नव्हे. एटीएमने ‘रुपयांत घ्यायचे का’ विचारलं तर नाही म्हणा, युरोतच घ्या. रुपयांचा दर यंत्रवाल्याचा असतो.

एजन्सीकडून घ्यायची ती फाइल, आणि हवी तर एकाच तिकिटावरची विमानं. खोली स्वतः ठरवा, व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द होणारीच. पूर्ण पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने पैसे घेतानाच वसूल करायचा आयकर, लागतो. तो आपला आगाऊ भरलेला कर आहे, एजन्सीची कमाई नाही. पावतीवर तो वेगळा लिहून घ्या आणि तिमाही संपल्यावर आयकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनखाली दिसतो का बघा. दिसला नाही तर विवरणपत्र भरण्याआधीच तगादा लावायचा.