आकार बदलण्याआधी हिशोब दाखवणारे फर्मागुडीचे टायर दुकान

गोव्यात फोंड्याजवळच्या फर्मागुडीला मुख्य रस्त्यालगत असलेल्या एका छोट्या टायर दुकानात गेल्या महिन्यात मी माझ्या स्विफ्टचे चारही टायर बदलून घेतले. ते बदलणे का गरजेचे होते, हे मला त्या दुकानातच प्रथम नीट समजले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

माझ्या गाडीला कंपनीकडून १८५/६५ आर१५ मापाचे टायर येतात. दोन पावसाळ्यांपूर्वी खड्ड्यांना कंटाळून मी दुसऱ्या एका दुकानातून २०५/६५ आर१५ बसवून घेतले होते. गाडी किंचित उंच झाली, दणके कमी बसू लागले आणि मी समाधानी होतो. मीटरवर काही परिणाम होईल, हे तेथे कोणी सांगितले नाही. पुढे फोंडा-पणजी जाऊनयेऊन जे अंतर मीटरवर ६० किलोमीटर भरत असे, ते ५७-५८ भरू लागले आणि ॲव्हरेजही घसरलेले दिसू लागले. इंजिनातच दोष असावा या समजुतीने मी दोनदा गॅरेज गाठले.

फर्मागुडीच्या दुकानातील मेस्तांनी (कारागिरांनी) बॉनेट उघडलेच नाही. टायरवरचे आकडे वाचून त्यांनी कागदावर हिशोब मांडला. १८५ मिलिमीटर रुंदीचे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिलिमीटर ही टायरच्या भिंतीची उंची; ती दुप्पट करून त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवले की मूळ टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. माझ्या टायरचा ६४७.५ आला, म्हणजे चार टक्क्यांहून थोडा अधिक. गाडी चाकाचे फेरे मोजते आणि प्रत्येक फेऱ्यामागे मूळ टायरइतकेच अंतर धरते. मोठा टायर दर फेऱ्यात जे जादा अंतर कापतो, ते तिच्या हिशोबात येतच नाही. एवढ्यावर न थांबता त्यांनी टायरवर खडूची खूण केली, गाडी चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत ढकलली आणि जमिनीवरचे अंतर टेपने मोजून दाखवले.

माझी एक शंका होती. फोनमधील जीपीएसचा वेग आणि गाडीचा काटा जवळजवळ तंतोतंत जुळत होते, मग मीटर चुकीचा कसा? "बाब, काटा जुळला तो मोठ्या टायरामुळेच, पहिल्या टायरावर तो थोडा जास्त दाखवत असणार," असे ते म्हणाले, आणि ते खरेच होते. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, जास्त दाखवल्यास ते एक दशांश अधिक ४ किलोमीटर एवढ्या मर्यादेत असावे, असे संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ सांगतो. म्हणजे खरा वेग ८० असता काटा ९२ पर्यंत जाऊ शकतो. उत्पादक काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात तो यासाठीच. माझ्या टायरांनी ती राखीव जागा खाऊन टाकली होती. किलोमीटरच्या आकड्यात एवढी राखीव जागा सहसा नसते, म्हणून तेथे तूट उघड झाली. सर्व्हिसचेही तसेच: मीटरवर १०,००० दिसत तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे १०,४०० धावलेली असे.

मधला मार्ग म्हणून मी १९५/६५ मागितले. त्यातला फरक दोन टक्के येतो. टायरची नक्षी ८ मिलिमीटरवरून १.६ पर्यंत झिजली तरी व्यास साधारण तेवढाच घटतो, त्यामुळे तो फरक चालण्याजोगा आहे, असे त्यांनी मान्य केले. तरीही स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चाकावरच्या कमानीच्या आतल्या अस्तराला टायर घासल्याच्या खुणा दाखवून त्यांनी मूळ मापाचाच आग्रह धरला. महाग टायर विकण्याची संधी सोडून दिलेला हा सल्ला मला फार मोलाचा वाटला. आता पणजीची फेरी पुन्हा ६० भरते.

उणिवाही आहेत. मूळ मापाचे चार टायर एकाच उत्पादन-आठवड्याचे मिळण्यासाठी दोन दिवस थांबावे लागले, जुन्या टायरांची किंमत नगण्य धरली गेली, आणि पावसात ग्राहकाला उभे राहायला आडोसा नाही. अलाइनमेंटचे यंत्र एकच असल्याने शनिवारी रांग लागते. दुपारी एक ते तीन दुकान बंद असते, तेव्हा सकाळी लवकर जावे.