आईच्या हिश्श्यावर आम्हीच सही केली

नागपुरातलं, मानेवाड्याचं आमचं घर आई-बाबा दोघांच्या नावावर होतं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कर्जाचे निम्मे हप्ते तिच्या पगारातून जात. 2014 मध्ये ती गेली, मृत्युपत्र न करता. तिचा अर्धा हिस्सा तेव्हाच बाबा, मी आणि धाकटा भाऊ अशा तिघांचा सारखा झाला, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. म्हणजे घराचा एक तृतीयांश भाग आम्हा भावंडांचाच होता. मागायचीही गरज नव्हती.

2016 मध्ये प्लॉटच्या दलालीत मुरलेले, बाबांच्या ओळखीचे एक काका घरी यायला लागले. "घरटॅक्सवर अजून वहिनींचंच नाव आहे, पुढे त्रास होईल. बाबांचं एकट्याचं नाव लावून टाकू. पोरांनो, तुमची फक्त सही लागते." घाई मात्र नव्हती त्यांना. भावाला अठरा पूर्ण होईस्तोवर ते थांबले. का, ते पुढे वकिलाने सांगितलं: अल्पवयीनाचा हिस्सा असा सोडायला न्यायालयाची परवानगी लागते.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तोबा गर्दी. टेबलावरच्या माणसाने विचारलं, "वाचलं ना?" आम्ही माना हलवल्या. अंगठा, कॅमेऱ्यासमोर फोटो, झालं. बाहेर तर्रीपोहे खाल्ले, पैसे काकांनीच दिले. कागद होता विनामोबदला हक्कसोडपत्र, म्हणजे आईकडून आलेला आमचा हिस्सा आम्ही बाबांना फुकट सोडून दिला होता.

2018 मध्ये बाबांनी दुसरं लग्न केलं. माझा विरोध नव्हता. एकटा माणूस रोज करपलेली पोळी खात होता. स्थळ त्याच काकांनी आणलेलं, हे मात्र नंतर कळलं. 2023 मध्ये बाबा गेले आणि तेरवीनंतर कळलं की 2019 मध्येच घराचं नोंदणीकृत बक्षीसपत्र नव्या आईंच्या नावे झालंय. बक्षीसपत्र नसतं, तर बाबांच्या हिश्श्यात त्या आणि आम्ही दोघं सारखे वारस होतो, आणि त्यात मला काही गैर वाटलं नसतं. आता घर त्यांचं, आणि त्यांच्या मागे त्यांच्या पहिल्या लग्नाच्या मुलाचं. बाईच्या वारसांतल्या 'मुलां'मध्ये सावत्र मुलं मोजत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1987 चा निकाल आहे.

आई किंवा बाबा गेले की आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, सगळ्या वारसांची नावं लावून घ्या, मग घरात लग्नाचा विषय निघो न निघो. 'नाव लावायचं' म्हणून सही मागितली तर दस्ताचं पहिलं पान वाचा; हक्कसोड, बक्षीस, रिलीज यातला एकही शब्द दिसला तर पेन खाली ठेवा. नव्या जोडीदाराची सोय हवीच, तर मृत्युपत्रात त्यांना हयातीपर्यंत राहण्याचा हक्क आणि नंतर मालकी मुलांना, असं लिहिता येतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये आपल्या मिळकतीचे दस्त अधूनमधून बघत जा. मी 2019 मध्ये बघितलं असतं, तर बाबांना समोर बसवून विचारता आलं असतं.

आम्ही दावा लावलाय. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, ती सांभाळली. पण परवा वकिलाने दस्ताची नक्कल पुढ्यात ठेवली. शेवटच्या पानावर आमचे फोटो आहेत. भावाला तेव्हा धड मिशाही फुटल्या नव्हत्या. मी चक्क हसतेय.